दुसरा भाव

गेल्या महिन्यात माझी दाढ ठणकत होती म्हणून बोईसरच्या एका दंतवैद्याकडे गेलो होतो. तिथल्या मुलीने हातात कागद घेऊन विचारलं, "काका, एक ते दहामध्ये किती दुखतंय?" मी जरा रुबाबातच "आठ" म्हणालो. तिने आठ लिहिलं आणि ती पुढच्या पेशंटकडे वळली. मी तसाच गाल धरून बसलो. आता चष्म्यावरून बघत कोणीतरी "आणि खरं?" असं विचारायला हवं होतं, एवढंच मला वाटत राहिलं. ते विचारणारी बाई आता नाही.

त्या बाईंचं नाव हेमलता तांडेल. पालघर आणि बोईसरच्या मधल्या आमच्या कॅम्पसवर इंजिनिअरिंग, नर्सिंग, कॉमर्स आणि बी.एड. अशी चार कॉलेजं एकाच फाटकातून आत शिरतात आणि नंतर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. बाई नर्सिंगला शिकवायच्या. सातपाटीच्या. तांडेल म्हणजे बोटीवरचा म्होरक्या. बाईंच्या घरी बोट कधीच विकली गेली होती, पण म्होरकेपण तेवढं बाईंनी काढून घेतलं होतं. अंगाने बुटक्या, चालणं भरभर, साडीवर कडक पांढरा कोट. केसांचा अंबाडा रोज सकाळी स्वतःच्या हाताने बांधायच्या आणि तो इतका घट्ट असायचा की भुवया वर ओढल्या जायच्या. त्यामुळे चेहऱ्यावर कायम थोडा संशय. माणसं बाईंना घाबरायची त्यातला निम्मा वाटा त्या अंबाड्याचा होता.

उरलेला निम्मा "आणि खरं?" या दोन शब्दांचा. सकाळी वर्गात शिरल्यावर त्या हॉस्टेलच्या मुलींना विचारायच्या, नाश्ता केला का. सगळ्या एका सुरात हो म्हणायच्या. बाई खडू हातात घेऊन शांतपणे म्हणायच्या, "आणि खरं?" मग दोन-तीन माना खाली जायच्या आणि त्या मुली कँटीनला पाठवल्या जायच्या. एकदा आमच्या संचालकांनी भर सभेत सांगितलं की प्रयोगशाळेचं सामान वाटेत आहे. मागून आवाज आला, "आणि खरं?" संचालक पाणी प्यायले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

माझी त्यांची गाठ पडली ती एका परिपत्रकामुळे. कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती, म्हणून प्रत्येक विभागाने दुसऱ्या विभागाबरोबर आंतरविद्याशाखीय संशोधन करावं असा हुकूम निघाला. हा शब्द एका दमात म्हणू शकणारा माणूस आमच्याकडे नव्हता. कोण कोणाबरोबर बसणार हे ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या, त्याही नर्सिंगच्या किडनी ट्रेमध्ये, पेशंटपुढे ओकायला धरतात त्या तबकात. माझी चिठ्ठी बाईंनी उचलली. मी सोलापूरकडचा, आडनाव जंगम, सात पिढ्या मासळीचा वासही न घेतलेला. बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चला, शाकाहारी सापडला. आंतरविद्या माझ्याकडे हाय." त्या दिवसापासून आमच्या प्रकल्पाला सगळं कॅम्पस शाकाहारी संशोधन म्हणू लागलं.

प्रकल्प बाईंच्या पीएच.डी.चाच होता. मी नुसता जोडला गेलो. विषय असा की बायका स्वतःचं दुखणं किती सांगतात आणि नर्सने ते किती समजायचं. दवाखान्यात पेशंटला शून्य ते दहातला आकडा विचारतात, शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. बाईंनी तो आकडा दोन ठिकाणी विचारला होता, सातपाटीच्या मासे विकणाऱ्या बायकांना आणि आत डोंगराकडच्या पाड्यांवरच्या बायकांना. सातपाटीच्या बायकांनी सरसकट दहा सांगितलं. बोटाला काटा लागला, दहा. कंबर धरली, दहा. एकीने बारा सांगितलं. दहाच्या वर नसतं म्हटल्यावर ती म्हणाली, "मग तुमचा कागद लहान हाय." आणि डोंगराकडच्या बायकांनी सरसकट शून्य. पाय सुजलाय, चालताना तोंड वाकडं होतंय, तरी शून्य.

मी इंजिनिअर. मला वाटलं, माणसाच्या तोंडावर भरवसा ठेवायचाच कशाला? मी वेदनामापक नावाचं यंत्र तयार केलं. एक मूठ, आत स्प्रिंग, बाहेर तबकडी. जेवढं दुखतंय तेवढं दाबायचं, काटा आकडा दाखवणार. मोठ्या दिमाखात ते घेऊन मी सातपाटीला गेलो. पहिला मान बाईंच्या वहिनीचा, जमनावहिनीचा. तिने टोपली खाली ठेवली, हात पुसले आणि मूठ दाबली. तीस वर्षं बर्फाच्या पाट्या उचललेला हात तो. आतून कट्ट असा आवाज आला आणि काटा लोंबकळला. वहिनीने यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला परत दिलं. "मास्तर, हा तर मेला. आता माझं दुखणं किती धरायचं?" बाईंनी वही उघडून गंभीरपणे नोंद केली : यंत्राचं दुखणं, दहा.

पण मी हार मानली नाही. दुरुस्त केलेलं यंत्र घेऊन बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. बाई सोबत होत्याच, माझी फजिती बघायची संधी त्या सोडत नसत. फाटकाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या एका कामगाराला मी सगळं समजावून सांगितलं. त्याने यंत्राकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "साहब, छुट्टी मिलेगी तो दस, हाजिरी कटेगी तो जीरो." बाई तिथेच रस्त्यावर पोट धरून हसल्या. मग परत येताना रिक्षात म्हणाल्या की या माणसाने सहा महिन्यांचं काम एका वाक्यात करून टाकलं. आकडा दुखण्याचा नसतोच, तो समोरच्याशी बोलण्याचा असतो. त्या दिवसापासून माझं यंत्र त्यांच्या टेबलावर कागदांवर ठेवायला वजन म्हणून राहिलं.

हे सगळं त्या एवढं जिवाला का लावून घेतात ते मला फार उशिरा कळलं. केळव्याच्या एका परिसंवादाहून परतताना त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही. तरुणपणी त्या आत डोंगराकडच्या एका छोट्या दवाखान्यात सिस्टर होत्या. एक बाई आली, पोटाला पदर घट्ट बांधून, दोन तास चालत. दुखतं का विचारलं तर म्हणाली, "नाय." पुन्हा विचारलं, तरी नाय. बाईंनी कागदावर शून्य लिहिलं आणि तिला रांगेत शेवटी बसवलं. दुपारी ती ओट्यावरून खाली कोसळली. आत अपेंडिक्स फुटलं होतं. वाचली, पण महिनाभर मरणाच्या दारात होती.

"डॉक्टरांनी वाचवली तिला," बाई म्हणाल्या. "मी शून्य लिहिलं होतं. माझ्या अक्षरात."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. त्यांनी भुवया आणखी वर केल्या. मला तेव्हा त्यांची माया वाटली, हे मी इथे लिहून टाकतो, कारण त्यांच्या तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती.

तर असा तो प्रबंध. त्याला दोनदा मुदतवाढ मिळाली होती, तिसरी मिळत नसते. मार्चअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि मे महिन्यात बाई निवृत्त. जानेवारीत त्यांचे मार्गदर्शक मुंबईहून आले. आम्ही त्यांना गाईडसाहेब म्हणायचो. विद्वान माणूस, पण फाईल उघडण्याआधी "सध्या पापलेट कसं आहे?" हे विचारल्याशिवाय त्यांचा चष्मा नाकावर बसत नसे. मी संगणकावर आलेख काढून ठेवले होते. एका टोकाला शून्याचा खांब, दुसऱ्या टोकाला दहाचा, मधे जवळजवळ मोकळं मैदान, तुरळक उत्तरांचं. गाईडसाहेबांनी पाहिलं आणि सांगितलं की असं संशोधन कोणी पास करणार नाही. ही सगळी उत्तरं आउटलायर आहेत, म्हणजे बाजूला पडलेली, ती काढून टाका आणि मधल्या बायका तेवढ्या ठेवा. दोन महिन्यांत प्रबंध तयार.

बाईंना इंग्रजी चांगलं येत होतं. पण नको तिथे ते विसरायची कला त्यांना साधली होती. भोळा चेहरा करून त्यांनी विचारलं, "सर, लायर म्हणजे खोटारडी ना? मग आउटलायर म्हणजे बाहेरगावची खोटारडी का?"

गाईडसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या बायका खोटं नाय बोलत, सर. भाव सांगतात."

मी टेबलाखालून त्यांना खूण करत होतो की ऐका, पदवी हातची जाईल. सहा वर्षांची मेहनत. काढलेल्या उत्तरांबद्दल विचारायला कोण येणार होतं? पण बाईंनी फाईल मिटली आणि एकदम गोड आवाजात गाईडसाहेबांना म्हणाल्या की पापलेट बघायला आज बंदरावरच जाऊ या, ताजं मिळेल. तो गोड आवाज ऐकून मला घाम फुटला.

सातपाटीला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ओळीने बायका बसलेल्या. बाईंनी गाईडसाहेबांना थेट जमनावहिनीपुढे उभं केलं, पण नातं सांगितलं नाही. वहिनीने भाव सांगितला. गाईडसाहेबांना आपल्या घासाघिशीचा अभिमान होता, त्यांनी त्याच्या निम्मा सांगितला. वहिनी म्हणाली, साहेब, त्या भावात शेपूट पण नाय येत. गाईडसाहेब पाठ फिरवून तीन पावलं चालले. वहिनीने हाक मारली. ते परत आले. वहिनी थोडी उतरली, ते थोडे चढले, आणि पापलेट पिशवीत पडलं. दोघंही खूश. ओळीच्या शेवटी एक म्हातारी उरलेले बोंबील घेऊन बसली होती. तिने न विचारताच अगदी कमी भाव सांगितला. गाईडसाहेबांना हुरूप आलेला, ते तिच्याही निम्म्यावर उतरू लागले. तेव्हा बाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. "तिच्याशी नाय, सर. तिला आता घरी जायचंय. संध्याकाळच्या भावाला घासाघीस करत नसतात."

गाडीत बसल्यावर बाईंनी फाईल गाईडसाहेबांच्या मांडीवर ठेवली.

"सर, त्या बाईने पहिला भाव सांगितला, ती खोटं बोलली का?"

"छे हो. धंदा आहे तो."

"आणि तुमी निम्मा सांगितलात?"

"ते बोलणं असतं."

"मग हा दहाही बोलणंच हाय. तुमी तीन पावलं जाऊन परत आलात म्हणून दुसरा भाव कळला. आमच्या नर्स पहिला भाव लिहून वही मिटतात."

गाईडसाहेब फाईलची पानं चाळत राहिले. मागे डिकीत पापलेटवरचा बर्फ वितळत होता आणि माझ्यासारख्या माणसाला तो वास सोसत नव्हता, तरी मी खिडकी उघडली नाही. शिरगाव मागे पडलं तेव्हा ते म्हणाले, "हे लिहा. पण नुसतं माझ्या पापलेटवर पीएच.डी. देता येत नाही. सगळ्या बायकांना पुन्हा विचारावं लागेल." मग हातातल्या घड्याळाकडे बघावं तसं त्यांनी फाईलवरच्या तारखेकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "विचारते."

पुढचा दीड महिना मी इंजिनिअरिंगचा प्राध्यापक होतो हे माझे विद्यार्थीच विसरले. सातपाटी सोपी गेली. बाईंच्या विद्यार्थिनी आकडा विचारायच्या, बायका दहा म्हणायच्या, मुली वही न मिटता "आणि खरं?" विचारायच्या. बायका हसायच्या आणि उतरायच्या. कोणी सहावर, कोणी चारवर, एक तर थेट "काय नाय, सवय झाली म्हणून बोलली" इथपर्यंत. फक्त एक म्हातारी उतरेना. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, ती दहावरच, आणि हसेनाही. बाईंनी तिचा हात बघितला, तो डाव्या खांद्यावर गेला होता. वही मुलीच्या हातात देऊन त्यांनी मला गाडी काढायला सांगितलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की तासभर उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं. त्या रात्री प्रबंधात एक वाक्य वाढलं, तेही मराठीत, कारण इंग्रजीत ते बसेना : जी उतरत नाही, तिला आधी उचला.

डोंगराकडच्या बायकांचं मात्र अवघड होतं. एक तर त्या पाड्यांवर नव्हत्याच, वीटभट्ट्यांवर गेलेल्या. आम्ही भट्ट्या शोधत हिंडलो. आणि त्या बायका कितीही वेळा विचारलं तरी शून्याच्या वर चढेनात. "आणि खरं?" विचारलं की उलट लाजून तोंड फिरवायच्या. बाईंचं हुकमी अस्त्र प्रथमच वाया गेलं. भट्टीजवळच्या बाभळीखाली त्या डोकं धरून बसल्या आणि मी मनात दिवस मोजू लागलो.

तेव्हा सुनीता पुढे झाली. दुसऱ्या वर्षाची मुलगी, स्वतः तिकडच्याच एका पाड्यावरची, वर्गात तोंडातून शब्द न काढणारी. एका बाईशेजारी ती उकिडवी बसली. दुखण्याचं तिने विचारलंच नाही. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मावशी, पाणी कोण भरतं आता?"

"पोरगी."

"कवापासून?"

"दिवाळीपासून."

सुनीताने मागे वळून बाईंकडे पाहिलं. बाई उठून उभ्या राहिल्या होत्या. जी बाई जन्मभर पाणी भरते तिने दिवाळीपासून हंडा उचललेला नाही, मग ते शून्य कसलं? त्या दिवशी बाईंनी सगळी प्रश्नावली नव्याने लिहिली. पाणी कोण भरतं, लाकडं कोण आणतं, वेणी कोण घालतं. परतताना त्या सुनीताला काही बोलल्या नाहीत, पण आपल्या डब्यातली सुकट तिच्या डब्यात ओतली. बाईंच्या हिशेबी याच्यापुढे पदवी नव्हती. प्रबंधात मात्र त्या प्रकरणाखाली सुनीताचं पूर्ण नाव आहे, गावासकट. गाईडसाहेबांनी विद्यार्थिनीचं नाव घालायची पद्धत नाही असं सुचवून पाहिलं. बाईंनी विचारलं, "आणि खरं?" नाव राहिलं.

प्रबंध शेवटच्या दिवशी, कार्यालयाची खिडकी बंद होता होता, आत सरकवला. खिडकीवरचा माणूस म्हणत होता की वेळ संपली. बाईंनी त्याच्याशी कोणत्या भावाने बोलणी केली मला माहीत नाही, मी फोटोकॉपीच्या दुकानात होतो. पदवी आली ती निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी. घराच्या पाटीवर "डॉ." लागल्याबरोबर सातपाटीत घोटाळा झाला. बायका इंजेक्शन टोचून घ्यायला येऊ लागल्या. बाई दारातच दोन प्रश्न विचारायच्या आणि निम्म्या जणींना काढा पिऊन झोपायला पाठवायच्या. उरलेल्या निम्म्यांना स्वतः दवाखान्यात घेऊन जायच्या.

त्यानंतर दोन वर्षांनी मला जमनावहिनीचा फोन आला. आजाराचं नाव मी लिहीत नाही, बाईंना आवडलं नसतं. पालघरच्या एका दवाखान्यात त्या खिडकीजवळच्या पलंगावर होत्या. मी प्रथम ओळखलंच नाही. अंबाडा सैल होता, त्यामुळे भुवया खाली आपल्या जागेवर आल्या होत्या आणि चेहऱ्यावरचा संशय गेला होता. खालून कोणीतरी साधी, प्रेमळ बाई निघाली होती. मला फार वाईट वाटलं. वहिनी बाहेर औषध आणायला गेली होती. मी कॅम्पसच्या गप्पा सांगत बसलो, वेदनामापक आता माझ्या टेबलावर आहे हेही सांगितलं.

तेवढ्यात पांढऱ्या गणवेशात सुनीता आली. तिथेच नोकरीला लागली होती. हातात तोच कागद. "मॅडम, दहापैकी किती?"

"दोन," बाई म्हणाल्या.

सुनीताने लिहिलं नाही. तिने उशीवरचे केस पाहिले, सुटलेली एक पिन उचलून पुन्हा नीट खोवली आणि अगदी सहज विचारलं, "मॅडम, अंबाडा आज कोणी घातला?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "वहिनीने."

"कवापासून?"

"झाले दहा-बारा दिवस."

सुनीताने मान हलवली, कागदावर एक आकडा लिहिला आणि इंजेक्शन आणायला झपाझप निघून गेली. ती दाराबाहेर गेल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. भुवया अंबाड्याशिवायच वर गेल्या.

"बघितलंत? पास झाली पोरगी."

मला हसू आलं. म्हणजे परीक्षा चालली होती तर. जीव जरा हलका झाला. मी खुर्ची पुढे ओढली आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, "आणि खरं?"

त्यांनी माझा हात थोपटला. "जंगम सर, इतकी वर्षं माझ्यासोबत हिंडलात, तरी घाटावरचे ते घाटावरचेच राहिलात. संध्याकाळच्या भावाला कोणी घासाघीस करतं का?"

मग त्यांनी डोळे मिटले. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे साडेअकरा वाजले होते.